माझ्या वाट्याचा रोट

"मुलगा नेव्हीत आहे, पण त्याचा पाण्याशी काही संबंध नाही."

हे वाक्य आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धुळ्यातल्या एका घरात पोह्यांची बशी हातात धरून उच्चारलं. मी शेजारीच बसलो होतो. पोहे माझ्या नाकात गेले. समोर मुलीचे वडील होते. एसटीत वाहतूक नियंत्रक, म्हणजे आमच्या भाषेत कंट्रोलर. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस. त्यांनी चष्म्यावरून आबांकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे मुंबईला हापिसात. टेबल-खुर्ची. डोक्यावर पंखा."

आबांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याआधी माझी तीन स्थळं केवळ समुद्रामुळे मोडली होती. आमचं गाव तापीकाठी, अमळनेर आणि चोपड्याच्या मधलं. केळी आणि कपाशी पिकवणारी माणसं. समुद्र आमच्याकडे फक्त भूगोलाच्या पुस्तकात. पहिल्या स्थळाने विचारलं होतं, "बोट बुडाली तर?" दुसऱ्याने विचारलं, "बोट नाही बुडाली, तर घरी कधी येणार?" तिसऱ्याने काहीच विचारलं नाही, नुसता चहा पिऊन उठले. तेव्हा चौथ्या स्थळाच्या वेळी आबांनी परस्पर माझी बोट काढून घेतली आणि मला टेबल-खुर्ची दिली.

कंट्रोलरसाहेबांनी मान डोलावली. "बरं झालं. आमच्या घरचा एकच नियम आहे. मुलगी संध्याकाळी नवऱ्याची वाट बघेल अशा घरी द्यायची. सहा महिने वाट बघेल अशा घरी नाही. गाडी कशी, वेळेवर लागली पाहिजे."

आतून मुलगी चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी मीसुद्धा मनातल्या मनात ऑफिसात नोकरीला लागलो. चैत्रात साखरपुडा झाला. लग्न दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न लागलं की आमचं.

आता खरी गोष्ट सांगतो. मी ऑफिसात नव्हतो. मी एका लढाऊ जहाजाच्या पोटात, इंजिनरूममध्ये होतो, आणि चांगली पाच वर्षं होतो.

नेव्हीत मी गेलो तो बारावीनंतर, जळगावची भरती बघायला गेलेल्या मित्राला सोबत म्हणून. मित्र छातीत कमी भरला, मी भरलो. प्रशिक्षणात पोहण्याची परीक्षा होती. मी छाती काढून सांगितलं, येतं. येतच होतं. लहानपणापासून मळ्यातल्या विहिरीत कंबरेला सुकलेले भोपळे बांधून शिकलो होतो. शिट्टी वाजली, मी सूर मारला, सात-आठ हात मारले आणि सवयीने डावीकडे वळलो. पुन्हा सात-आठ हात, पुन्हा डावीकडे. बाकीची पोरं पलीकडच्या काठाला लागली, मी होतो तिथेच गोल फिरत होतो. विहिरीत पोहणारा माणूस सरळ जाऊन जाऊन जाणार कुठे? पुढे तर भिंत असते! आमचा शिक्षक हरियाणाचा. काठावरून ओरडला, "ओय, भंवरे! सामने देख, सामने!" सरळ पोहायला शिकायला मला तीन आठवडे लागले. अजूनही मी बेसावध असलो तर डावीकडे झुकतो.

पण इंजिनरूममध्ये मात्र मी राजा. तिथली उष्णता अशी, की केरळची, बंगालची चांगली दणकट पोरं अर्ध्या तासात भिंतीला टेकायची. मला काहीच होत नसे. मी म्हणायचो, "हा तर आमचा एप्रिल आहे. मे अजून यायचाय." आमचे चीफ, म्हणजे आमच्या टोळीचे अनुभवी म्होरके, मला सगळ्यात गरम कोपऱ्यात उभं करायचे आणि नव्या पोरांना दाखवायचे, "देखो, जळगाव का माल."

साखरपुडा झाला, मी परत आलो, आणि महिन्याभरात कारगिलची लढाई पेटली. लढाई डोंगरावर, बर्फात. पण तिकडे तोफा वाजल्या की इकडे समुद्रालाही उठून बसावं लागतं. आमची सुट्टी रद्द झाली. दोन दिवसांत दारूगोळा, पीठ, बटाटे भरले आणि एका सकाळी आम्ही निघालो. कुठे, ते आम्हाला सांगितलं नाही. सूर्य बोटीच्या कुठल्या बाजूला उगवतो एवढं बघून आम्ही आपापसात अंदाज करायचो.

लढाईतली नोकरी म्हणजे सिनेमात दिसते तशी नाही, हे मी पोरांना नेहमी सांगतो. आमचं काम होतं हजर राहण्याचं. पावसाळ्यातला अरबी समुद्र खवळलेला, बोट बैलगाडीसारखी कण्हत चाललेली. बाहेर उजेड जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्यांना झाकणं. झोपायचं ते पूर्ण कपड्यांत, लाइफ जॅकेट उशाला. अंघोळीला पाणी मोजून. चार तास काम, चार तास विश्रांती, आणि त्या विश्रांतीत धोक्याची घंटा. भात थाळीतून घसरून शेजाऱ्याच्या थाळीत जायचा आणि त्याची डाळ आपल्याकडे यायची. त्यावरून भांडणं नव्हती. सरासरीने जेवण सारखंच पडायचं.

आणि अशात मला धुळ्याला पत्रं लिहायची होती. ऑफिसातून.

मी खोटं बोलायला आधीच कच्चा. नवीन काही सुचत नसे. म्हणून जे बोटीवर घडायचं, तेच ऑफिसचे कपडे घालून लिहायचो. "आज ऑफिसात उकाडा फार होता. डावीकडचा पंखा पहाटेपासून बंद होता, तो आम्ही दुपारपर्यंत चालू केला. मोठ्या साहेबांनी सर्वांना अचानक टेबलं बदलायला लावली. नवीन टेबलं जरा उत्तरेकडे आहेत."

लढाईच्या काळात आमची पत्रं बाहेर जाण्याआधी एक अधिकारी नजरेखालून घालायचे. मराठी पत्रं एका पुण्याच्या लेफ्टनंटसाहेबांकडे जायची. त्यांनी मला बोलावलं. टेबलावर माझं पत्र पसरलेलं, त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा.

"हा डावीकडचा पंखा काय आहे?"

"पंखा आहे, सर."

"काल पहाटेपासून दुपारपर्यंत आपलं डावं इंजिन बंद होतं."

मी पत्रातला पंखा पुन्हा वाचला.

"आणि आपण उत्तरेला सरकलो." साहेब खुर्चीत पुढे आले. "हे कोणाला कळवतोयस? धुळ्याला ही कोण आहे?"

आयुष्यात पहिल्यांदाच माझे पाय गरमीशिवाय घामेजले. मी हेरगिरीत पकडला गेलो होतो, तेही होणाऱ्या बायकोला पत्र लिहून! मग सगळं भडाभडा सांगितलं. आबा, पोहे, कंट्रोलर, टेबल-खुर्ची, सगळं. साहेब आधी गंभीर होते. मग त्यांच्या खांद्यांना हादरे बसू लागले. शेवटी चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "अरे गाढवा, खोटं लिहायचं तर नीट लिही. मुंबईत आत्ता धो-धो पाऊस असणार. तुझ्या एकाही पत्रात ऑफिसला जाताना साधी छत्रीसुद्धा नाही!"

त्या दिवसापासून साहेब माझे सहलेखक झाले. इंजिन काढायचे, छत्री घालायचे. एकदा तर त्यांनी मला एक हेडक्लार्क बनवून दिला. तपकीर ओढणारा, कोकणातला, रोज फणसाची गोष्ट सांगणारा. धुळ्याहून तिचं पत्र आलं, "तुमच्या हेडक्लार्कना माझा नमस्कार सांगा." साहेब दिवसभर खूश.

त्याच पत्रात खाली आणखी काही होतं. "तुमची चार वेगवेगळ्या तारखांची चार पत्रं मला एकाच दिवशी मिळाली. बाबा म्हणतात, चार गाड्या एकदम आल्या तर समजावं, त्या रस्त्यात एकाच ठिकाणी अडकल्या होत्या." मला वाटलं, बिचारी गाड्यांबद्दल लिहितेय. बापाचं वळण. मी पुढे वाचून पत्र घडी करून ठेवलं. शहाण्या माणसाने तिथेच ओळखलं असतं.

मग एक दुपार आली. घंटा वाजली ती सरावाची नव्हती. कुठलं तरी अनोळखी विमान आमच्या दिशेने येत होतं. इंजिनरूमची झाकणं वरून बंद झाली. आम्ही आठ जण, पाण्याच्या पातळीच्या खाली, कानात इंजिनाचा आवाज. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. चीफ एका घड्याळावर बोट ठेवून उभे होते, जणू ते बोट काढलं तर काटा खाली पडेल. पाऊण तास गेला. मी खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो. आणि घाबरलेल्या डोक्यात विचार कुठला यावा? की आता आपलं काही बरंवाईट झालं, तर आबा धुळ्याला काय सांगणार? ऑफिसात बसलेला माणूस बुडून गेला, हे कंट्रोलरसाहेबांना ते कसं पटवणार?

विमान दुसरीकडे वळलं. झाकणं उघडली. वर हवेत येऊन मी तडक कागद घेतला आणि सगळं खरं लिहिलं. मी बोटीवर आहे, पाच वर्षं आहे, लढाईवर आहे, आबांनी सांगितलं ते खोटं, मी गप्प बसलो तेही खोटंच, लग्न मोडायचं असेल तर मोडा. पत्र साहेबांकडे नेलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि हळूच परत दिलं.

"सुंदर पत्र आहे. पण हे जाणार नाही."

"का, सर?"

"बोट कुठे आहे, कधीपासून आहे, काय झालं, सगळं यात आहे. हे काढलं तर तुझी सही उरते."

म्हणजे बघा काय तऱ्हा! खोटं पाठवायला परवानगी होती, खऱ्याला नव्हती. मी ते पत्र पेटीत कपड्यांखाली ठेवलं आणि वर आणखी एक छत्रीचं पत्र लिहिलं. पण त्या दिवसापासून एकच धाकधूक. लग्नाआधी हे तिला कळायलाच हवं, आणि कळलं तर लग्न राहील का?

डोंगरावरची लढाई संपली. पण बोटी काही लगेच माघारी फिरत नाहीत. तणाव होता, आम्ही तिथेच होतो. आणि इकडे श्रावण लागला. आमच्या खानदेशात श्रावण म्हणजे कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरी येते, सोमवारी वाजतगाजत नदीला जाते.

तिच्या नैवेद्याचे रोट असतात. गव्हाच्या जाडजूड पोळ्या. ते गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ-मूठ घेऊन दळतात. घरात किती पुरुष, तितक्यांच्या मुठी, आणि ज्याच्या मुठी त्याच्या नावाचा वेगळा रोट. गावाला गेलेल्याची मूठसुद्धा चुकवायची नाही. आणि हे रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. पाहुणा कितीही मानाचा असला तरी त्याला दुसरं जेवण, रोट नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही आमच्याकडे देत नाहीत. वर तुकडा टाकायचा नाही, शिळा झाला तरी पौर्णिमेच्या आत संपवायचा.

पुढचा प्रसंग घडला तेव्हा मी तिथे नव्हतो. पण तो मी आईकडून, आबांकडून, चुलत्यांकडून आणि शेजारच्या अक्कांकडून इतक्या वेळा ऐकलाय की मला माझ्या चपलासुद्धा त्या दारात दिसतात.

होणारे व्याही म्हणून आबांनी धुळ्याच्या मंडळींना दर्शनाला बोलावलं होतं. कंट्रोलरसाहेब, त्यांची बायको आणि मुलगी रविवारी दुपारी आले. अगदी सांगितलेल्या गाडीने, सांगितलेल्या वेळी. घर माणसांनी भरलेलं. आई देवीपुढे रोट मांडत होती. आमच्या घरची रीत अशी की ज्याच्या नावाचा रोट, त्याचं नातं मोठ्याने सांगायचं. नवऱ्याचा झाला, दिरांचे झाले, पुतण्यांचे झाले. मग माझा, तिच्या आंडोरचा, म्हणजे मुलाचा. आईने तो दोन्ही हातांवर धरला, डोळे मिटले आणि आख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कानबाई माय, हाऊ मना आंडोरना रोट. तो समुद्रमा बोटवर शे, लढाईवर शे. तीन महिना व्हयनात, मना डोयाले डोया नही. तू त्याले सुखरूप लई ये माय. पुनीमना आत तो तुनापुढे बसी हाऊ रोट खाई. त्यानाशिवाय कोनी याले हात लावाव नही."

घरातल्या सगळ्या माना कंट्रोलरसाहेबांकडे वळल्या.

आबांनी तोंडावर उसनं हसू आणलं. "अवं, काय बोलस? तो मुंबईले हापिसमा शे!"

आईने डोळे उघडले. "तुम्ही मानससंगे बोला काय बोलनं ते. देवीपुढे मी खोटं बोलू का?"

कंट्रोलरसाहेब सावकाश उभे राहिले. "आबा, तुमचा मुलगा कुठे आहे?"

"नेव्हीत."

"ते माहीत आहे. नेव्हीत कुठे?"

"मुंबईले."

"मुंबईत कुठे?"

"मुंबईना जरा पुढे."

"मुंबईच्या पुढे काय आहे, आबा?"

आबांनी छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं. "पुढे... पानी शे."

"चला," साहेब बायकोला म्हणाले. "साडेचारची मिळेल." आणि चपला शोधायला दारात गेले. गर्दीत एक सापडली, एक सापडेना. एका पायात चप्पल घालून ते उंबऱ्यावर उभे राहिले. आबाही वाकून चप्पल शोधू लागले.

आणि तेवढ्यात आईच्या लक्षात आलं की नवसात एक मोठी गफलत झाली. पौर्णिमा तर चारच दिवसांवर! पोरगा येणार कसा? दुसऱ्या कोणी खायचा नाही असं स्वतःच्याच तोंडाने सांगून बसली. टाकता येत नाही, देता येत नाही, ठेवता येत नाही. ती रोट हातात घेऊन रडायलाच लागली. "आते काय करू वं माय? मना आंडोरना रोट तसाच राही जाई."

घरातल्या बायका गोळा झाल्या. एक म्हणे गायीला द्या, दुसरी म्हणे नाही, गाय काय भाऊबंद आहे का?

कोपऱ्यात धुळ्याची मुलगी बसली होती. ती उठली, देवीपुढे आली, माझ्या आईशेजारी बसली आणि म्हणाली, "त्यांच्या नावाचा रोट त्यांच्या माणसाने खाल्ला तर चालेल ना?"

आई रडायची थांबली. "घरना मानुसले चाली."

"मग द्या."

कंट्रोलरसाहेब उंबऱ्यावरून म्हणाले, "अगं, थांब! अजून लग्न झालेलं नाही. तो रोट खाल्लास तर त्या घरची झालीस, कळतंय का?"

"कळतंय, बाबा. म्हणूनच खाते."

"तो बोटीवर आहे! आपल्याशी खोटं बोलले हे लोक."

"मला माहीत आहे. जूनपासून माहीत आहे. चार-चार पत्रं एकदम येतात, कागदाला डिझेलचा वास येतो. ऑफिसातल्या पंख्याला कोणी डिझेल घालतं का? त्यांनी खोटं लिहिलं त्याबद्दल मी बघते त्यांच्याकडे. पण ते लढाईवर आहेत आणि त्यांचा रोट इथे पडून आहे. आधी तो संपू दे."

आणि तिने तुकडा मोडून तोंडात घातला.

अक्का सांगतात की त्यानंतर घरात फक्त चावण्याचा आवाज होता. रोट भलताच जाड. आईने मुठी घेताना माझ्यासाठी हात जरा सैल सोडला होता. मुलगी खाते आहे, खाते आहे, संपतच नाही. अर्ध्यावर तिला ठसका लागला. आणि पाणी घेऊन कोण धावलं? कंट्रोलरसाहेब. एका पायात चप्पल.

ती पाणी प्यायली. साहेब तिच्याजवळच बसले, मग आबांकडे वळून म्हणाले, "आबा, गाडी उशिरा येणार असेल तर येऊ दे. उशीर होतोच. पण तसं फळ्यावर लिहावं लागतं. न सांगता उशीर केलेला चालत नाही."

आबा कान धरून म्हणाले, "चुकलो, साहेब. आता बठ्ठं, सगळंच्या सगळं, फळ्यावर लिही दिसू."

साडेचारची गाडी गेली. मंडळी मुक्कामाला राहिली आणि सोमवारी देवीबरोबर तापीवर आली.

मला या सगळ्याचा पत्ता नव्हता. आठवडाभराने टपाल आलं. समुद्रात टपाल देताना दोन बोटी शेजारी-शेजारी चालतात, मध्ये दोर ताणतात आणि त्यावरून पोतं सरकवतात. त्या दिवशी लाटा अशा, की पोतं मध्येच बुडी मारून वर आलं. माझं पत्र ओलं झालेलं. शाई पसरलेली. पत्त्यावर पहिल्यांदाच माझ्या नावापुढे तिने "बोटीवर" असं लिहिलं होतं. आत चारच ओळी.

"तुमच्या वाट्याचा रोट मी खाल्ला. फार जाड होता. तुमच्या हेडक्लार्कना सांगा, आता फणसाच्या गोष्टी पुरे. खरं काय ते आल्यावर समोर बसून सांगा."

मी ते पत्र घेऊन लेफ्टनंटसाहेबांकडे धावलो. त्यांनी वाचलं. एवढे हसरे साहेब, पण त्यांनी ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग म्हणाले, "हेडक्लार्क गेला म्हणायचा. चांगला माणूस होता."

त्या दिवशी इंजिनरूममध्ये मी सगळ्यांना रोट म्हणजे काय ते समजावलं. चीफना ते फार पटलं. त्यांनी हिशेब विचारला, "मतलब शादी हो गई तेरी?"

"अर्धी झाली, चीफ. बाकीची दिवाळीनंतर."

ती तशीच झाली. धुळ्यात. अक्षता पडायच्या आधी कंट्रोलरसाहेबांनी मांडवाच्या दाराशी खरोखरच एक फळा लावला होता. त्यावर खडूने लिहिलं होतं, "वर: नौदल, जहाजावर. येण्याची वेळ: अनिश्चित." लोक वाचायचे आणि हसत आत यायचे. कपड्यांखाली ठेवलेलं ते खरं पत्र मी तिला त्याच आठवड्यात दिलं. तिने वाचलं, आणि तिला आवडलेल्या एकाच ओळीवर बोट ठेवलं. झाकणं बंद झाल्यावर खाली आम्ही आठ जण आणि कानात इंजिनाचा आवाज, ती ओळ. मग म्हणाली, "हे आधी पाठवायला हवं होतं." मी म्हटलं, परवानगी नव्हती. ते तिला आजतागायत पटलेलं नाही.

नोकरीतून मी कधीच मोकळा झालोय. आता तापीकाठी केळी लावतो. आई आता नाही, तरी दर श्रावणात गहू निवडले जातात, मुठी घेतल्या जातात. आता त्या घेते माझी बायको. माझ्या नावाची मूठ घेताना ती अजूनही हात सैल सोडते, रोट तसाच जाडजूड होतो, आणि माझ्या पानात मात्र अर्धाच येतो. मी दरवर्षी तक्रार करतो. "अगं, हा माझ्या नावाचा आहे. आख्खा दे."

ती उरलेला अर्धा स्वतःच्या पानात घेते. "तुम्ही समुद्रात गोल फिरत होतात," म्हणते, "तेव्हा हा एकटीने कोणी संपवला होता?"